डोके दुखते, पण सांगता येत नाही

स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या घरात एक वाक्य हळूहळू सर्व प्रश्नांचे उत्तर होऊन बसते : "आजारच तसा आहे." जेवण नाकारले, आजारच तसा आहे. रात्री उठून बसल्या, आजारच तसा आहे. दुपारभर कपाळ धरून राहिल्या, उठताना भिंतीला टेकल्या, तरी उत्तर तेच. या वाक्यात निष्ठुरपणा नसतो. वर्षानुवर्षे सेवा करून थकलेल्या माणसांचे ते वाक्य असते. परंतु ते उच्चारले की पुढचा शोध थांबतो, आणि डोकेदुखी व चक्कर या दोन तक्रारींच्या बाबतीत शोध थांबणे फार महाग पडू शकते. म्हणून या महिन्याचे सदर या दोन तक्रारींसाठी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे त्या वयातील शंभरांमागे सात-साडेसात जणांना. यांपैकी बहुतेकांची देखभाल रुग्णालयात होत नाही, घरीच होते. त्यामुळे हा प्रश्न जितका डॉक्टरांचा, तितकाच घरातल्या सुनेचा, मुलाचा, नातीचा आणि दिवसभर सोबत असणाऱ्या मावशींचा आहे.

दुखणे सांगण्यासाठी काय लागते

दुखणे सांगणे आपल्याला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात चार पायऱ्या असतात : काहीतरी बिघडले आहे हे जाणवणे, ते शरीरात कोठे आहे हे ओळखणे, त्यासाठी शब्द सापडणे, आणि कोणी विचारीपर्यंत ते लक्षात राहणे. स्मृतिभ्रंशात यांतील कोणतीही पायरी ढासळू शकते. सकाळी तासभर डोके ठणकले, दुपारी डॉक्टरांनी विचारले, "आजी, काही त्रास?" आणि आजी प्रसन्न हसून म्हणाल्या, "छे, मला कुठं काय होतंय!" आजी काही लपवीत नसतात. ती सकाळ त्यांच्यापाशी उरलेलीच नसते. कधी याच्या उलट घडते. दुखत असते दाढ, पण जिभेवर येतो तो "डोकं" हा शब्द.

आठवण गेली म्हणून वेदना जात नाही. तरीही अशा व्यक्तींना वेदनाशामक औषध इतरांपेक्षा कमी मिळते, हे अनेकदा दिसून आले आहे. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची तुलना केली होती. ज्यांची बुद्धी शाबूत होती त्यांच्या तुलनेत प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्यांना वेदनाशामक औषध सुमारे एकतृतीयांशच मिळाले होते. मोडलेले हाड सारखेच होते, फरक मागता येण्याचा होता.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी. मेंदूच्या पेशीजालात वेदना जाणणारे तंतू नसतात. डोके दुखते ते मेंदूवरची आवरणे, रक्तवाहिन्या, स्नायू, डोळे, दात, मान यांच्यामुळे. अल्झायमरच्या आजारात मेंदू आक्रसत जातो, पण त्या आक्रसण्याने डोके दुखत नाही. त्यामुळे अशा रुग्णाचे डोके नव्याने दुखू लागले, तर कारण बहुधा स्मृतिभ्रंशाच्या बाहेर असते, आणि बाहेरचे कारण पुष्कळदा दुरुस्त करता येते. चक्करीबाबतही बव्हंशी हेच खरे आहे. अपवाद काही प्रकारांचा : लुई बॉडी या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात उभे राहताना रक्तदाब उतरणे हा आजाराचाच भाग असू शकतो, आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारातून आलेल्या स्मृतिभ्रंशात तोल लवकर बिघडतो. परंतु तेथेही उपाय नाही असे नाही.

चेहरा वाचण्याची रीत

बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखण्यासाठी २००३ मध्ये 'पेनॅड' नावाची एक साधी मोजपट्टी तयार झाली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात : श्वास कसा चालतो आहे, कण्हणे-कुंथणे आहे का, चेहरा कसा आहे, अंग ताठरले आहे किंवा अस्वस्थ चाळवाचाळव आहे का, आणि धीर दिल्यावर, पाठीवरून हात फिरवल्यावर शांतता येते का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. घरी गुण मांडत बसण्याची गरज नाही, पण या पाच गोष्टींवर नजर ठेवण्याची सवय लावून घेता येते.

याशिवाय प्रत्येक व्यक्तीची स्वतःची खूण असते आणि ती फक्त घरच्यांना ठाऊक असते. रोज माळ घेऊन बसणाऱ्या आई माळ बाजूला ठेवतात. उजेडाकडे तोंड करून बसणारे दादा पडदा ओढून घेतात. केस विंचरू देणाऱ्या आजी एकाएकी कंगवा हिसकावून फेकतात. डोक्याची कातडी हुळहुळी झाली असेल, तर कंगव्याचा स्पर्शही सहन होत नाही. बाहेरच्या माणसाला तो हट्ट किंवा राग वाटेल, घरच्यांनी त्याकडे संदेश म्हणून पाहावे.

नॉर्वेमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. अठरा शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्ण निवडले होते. सर्वांना स्मृतिभ्रंश होता आणि सर्वांचे वर्तन अस्वस्थ, चिडखोर झालेले होते. त्यांच्यातील एका गटाला आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले. बहुतेकांना साधे पॅरासिटामॉलच होते. त्या गटातील अस्वस्थता सरासरी सतरा टक्क्यांनी उतरली. यावरून "सर्वांना गोळी द्या" असा अर्थ काढू नये. अर्थ एवढाच, की चिडचिडीवर शांत करणारे औषध मागण्याआधी "यांचे काही दुखते आहे का?" हा प्रश्न विचारला पाहिजे. गुंगी आणणाऱ्या औषधाने रुग्ण शांत दिसतो, दुखणे मात्र जागच्या जागी राहते.

विचारावे कसे

प्रश्न लहान असावा, आत्ताचा असावा आणि हाताने दाखवता येईल असा असावा. "कालपासून तुम्हाला नेमके कसे वाटते?" या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. समोर बसावे, डोळ्यांच्या पातळीवर यावे, आपला तळवा त्यांच्या कपाळावर हलकेच ठेवावा.

"आई, इथं दुखतंय?"

उत्तर "नाही" आले, तरी हाताखाली कपाळ आक्रसले का, डोके मागे घेतले का, हे पाहावे. मग कानशिलावर, मानेवर, जबड्यावर हात ठेवून तेच विचारावे. "दुखतंय?" याला नकार देणारी व्यक्ती "जड वाटतंय?" किंवा "ठणकतंय?" याला होकार देते, असे पुष्कळदा घडते. ज्या बोलीत त्यांचे बालपण गेले त्या बोलीत विचारून पाहावे. मारवाडी, गुजराती, कानडी वळणाची मराठी, जी असेल ती. नव्या शब्दांच्या आधी जुने शब्द परत सापडतात.

एक चक्कर, तीन अर्थ

मराठीत "चक्कर" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या अनुभवांसाठी वापरतो. भोवतालचे सारे गरगर फिरणे हा पहिला. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो असे वाटणे हा दुसरा. डोके ठीक, पण पाय आणि तोल साथ देत नाहीत, हा तिसरा. तिघांची कारणे निराळी. निरोगी माणूस फरक सांगू शकतो. स्मृतिभ्रंशात तो आपल्याला "केव्हा होते" यावरून ओळखावा लागतो.

उठून उभे राहताच होत असेल, तर रक्तदाब उतरत असण्याची शक्यता मोठी. हे घरच्या यंत्रावर तपासता येते. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजावा, मग आधार देऊन उभे करावे आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. रुग्णालयात खुर्चीवर बसवून घेतलेला रक्तदाब उत्तम असू शकतो आणि घरी उभे राहताना तोच कोसळू शकतो. आपल्या घरांत ही गोष्ट सामायिकाच्या वेळी दिसते. ४८ मिनिटे कटासनावर बसून एकदम उठणे, किंवा पंचांग प्रणिपातात मस्तक भूमीला टेकवून पुन्हा उभे राहणे, हे उतरत्या रक्तदाबाच्या माणसाला भोवते. खुर्चीवर सामायिक करावे, उठण्याआधी पावले वर-खाली हलवावीत, कडेला क्षणभर थांबावे, आणि उठताना कोणीतरी जवळ असावे. सकाळी अंथरुणातून उठतानाही हाच क्रम : आधी कुशीवर, मग काठावर बसणे, मग उभे राहणे.

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही सेकंद गरगरत असेल, डोळे घट्ट मिटून पलंगाची कड धरली जात असेल, तर अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हललेले असू शकतात. डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते जागी बसवण्याची कृती कान-नाक-घसातज्ज्ञ करतात. एप्ली या डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते आणि ती अनेकदा एक-दोन बैठकींत गुण देते. मात्र मानेचा किंवा पाठीचा विकार असेल, तर ती घरी स्वतः करून पाहू नये.

चालतानाच तोल जात असेल, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. चष्मा त्यांचाच आहे ना? नंबर बदलला आहे का? कानात मळ साचला आहे का? सपाता ढिल्या झाल्या आहेत का? न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा असतो का? एकाच बाजूला झुकत असतील किंवा पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे पडत असेल, तर तपासणी लांबवू नये.

औषधांची पिशवी

वृद्ध व्यक्तीच्या चक्करीचे व डोकेदुखीचे कारण शोधताना पहिल्यांदा औषधांची पिशवी टेबलावर ओतावी. स्मृतिभ्रंशासाठी दिली जाणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही औषधे काहींमध्ये नाडी मंद करतात, त्यातून चक्कर किंवा भोवळ येऊ शकते. मेमँटिनमुळे चक्कर आणि डोकेदुखी दोन्ही होऊ शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, हृदयासाठीच्या नायट्रेट प्रकारच्या गोळ्यांनी डोके दुखते. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनने उभे राहताना रक्तदाब उतरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी व सोडियम घटते. सोडियम घटले की डोके जड होते, पाऊल अडखळते आणि गोंधळ वाढतो. तो वाढलेला गोंधळ पाहून घरचे म्हणतात, आजार पुढे सरकला. साध्या रक्ततपासणीत कळणारी ही गोष्ट आहे.

आणखी एक फसवी बाब अशी. चक्करीवर म्हणून दिलेल्या सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या थोडे दिवसांसाठी असतात. त्याच महिनोन्‌महिने चालू राहिल्या, तर वृद्धांमध्ये हालचाली मंदावणे, हात थरथरणे, अंग ताठरणे सुरू होऊ शकते, आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. लुई बॉडी प्रकारात प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधे गंभीर अपाय करू शकतात. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या जुन्या प्रकारच्या गुंगीच्या गोळ्याही स्मृतीला आणि तोलाला मारक ठरतात.

डोकेदुखीची गोळी रुग्णाच्या हाती राहू देऊ नये. घेतल्याचे आठवत नाही म्हणून ती पुन्हा घेतली जाते. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेले, तर यकृताला इजा होते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला व जठराला त्रासदायक ठरतात. शिवाय महिन्यातील दहा-पंधरा दिवसांहून अधिक दिवस वेदनाशामक घेतल्याने डोकेदुखीच चिवट होऊन बसते. औषधे एका कुलपात, एका व्यक्तीच्या जबाबदारीवर असावीत. कोणतेही औषध आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नये.

पाणी, अन्न आणि चौविहार

वयोमानाने तहान कमी लागते. स्मृतिभ्रंशात लागलेली तहान विसरली जाते आणि समोरचा पेला ओळखीचा वाटत नाही. पाणी कमी पडले की डोके दुखते, अंधारी येते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल, तर दिवसभरात सहा ते आठ पेले द्रव पदार्थ पोटात जावेत.

येथे आपल्या घरांतील एक विशेष अडचण आहे. मुलीचे नाव विसरलेल्या आजी सूर्य कलला की पेला बाजूला सारतात : "माझा चौविहार झाला." आयुष्यभर जपलेली सवय स्मृती हरपल्यावरही टिकते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि तो त्यांच्या सन्मानाचाही प्रश्न आहे. परंतु हिशेब करावा. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. चौविहारापासून नवकारशीपर्यंतचे अंतर चौदा तासांच्या जवळ जाते. तेवढे तास पाण्याविना राहिलेले शरीर सकाळी उभे राहताना भोवळीला बळी पडते. म्हणून पाण्याचा मोठा वाटा सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळात, दर तासाला अर्धा पेला याप्रमाणे द्यावा. उकळलेले पाणी, ताक, मुगाचे पाणी, लिंबूपाणी, जे त्यांना रुचेल ते. पहाटे लगेच उठवू नये.

सूर्यास्ताआधी सर्व गोळ्या उरकण्याच्या घाईत रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या एकाच वेळी दिल्या जातात. रात्री आठ-नऊला लघवीसाठी उठताना माणूस कोसळतो. गोळ्यांचे वेळापत्रक चौविहाराशी जुळवायचे असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगून नव्याने लिहून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपवास झाला, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोकेदुखी, चक्कर, एकाएकी वाढलेला गोंधळ ही तिची चिन्हे. त्या क्षणी गिळता येत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. वेळ रात्रीची असली तरी थांबू नये.

व्रताचे काय, ही घरच्यांच्या मनातली खरी टोचणी असते. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. अनाभोग, म्हणजे विस्मरणाने घडलेली गोष्ट, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकवण्यासाठी घ्यावे लागलेले औषध, यांचा विचार परंपरेने आधीच केला आहे. विसरणाऱ्या माणसासाठी तेथे जागा आहे, हे किती करुणेचे आहे! आपल्या परिचयाच्या साधू-साध्वीजींना घरची परिस्थिती सांगून मार्गदर्शन घ्यावे. अनेकदा त्यांच्या तोंडचा एक शब्द आजी ऐकतात, जो आपल्याकडून ऐकला जात नाही.

दोन लहान गोष्टी आणखी. रोज तीन-चार कप चहा घेणाऱ्याचा चहा उपवासात किंवा दवाखान्यात एकदम सुटला, की दुसऱ्या दिवशी डोके हमखास ठणकते. कमी करायचा तर हळूहळू करावा. आणि शुद्ध शाकाहारी वृद्धांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वरचेवर आढळते. तिच्याने रक्तक्षय, पायांना बधिरपणा, तोल जाणे आणि विस्मरण वाढणे, हे सर्व होऊ शकते. तपासणी सोपी आहे आणि उपचारही.

जी डोकेदुखी टाळू नये

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी तपासून घ्यावी, हा नियम स्मृतिभ्रंश असलेल्यांनाही लागू आहे. त्यातील तीन कारणे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले, जुन्या मारामुळे मेंदूवर साचलेले रक्त. मेंदू आक्रसल्यामुळे कवटी व मेंदू यांच्यामधील बारीक शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्या झिरपतात. दारावर डोके आपटले, कोणी पाहिले नाही, ज्यांना लागले त्यांना आठवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते, पेंग वाढते, एक पाय ओढला जातो, बोलणे कमी होते. ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर धोका अधिक. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने रक्त काढल्यावर पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात. "आजार झपाट्याने वाढला" असे वाटते तेव्हा हे कारण आठवावे.

दुसरे, कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज. नवी डोकेदुखी, केस विंचरताना दुखणे, चावताना जबडा दुखून घास सोडणे. उपचार लांबला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. वेळेत स्टेरॉइड सुरू केल्यास ती वाचते.

तिसरे कारण घराच्या भिंतीत असते. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू निर्माण होऊ शकतो. स्नानानंतरच डोके दुखत असेल, चक्कर येत असेल, तर गिझर बाहेर बसवून घ्यावा आणि हवा खेळती ठेवावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आतून कडी लावू देऊ नये.

पुढील चिन्हे दिसली तर वाट पाहू नये : एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, शुद्ध हरपणे, डोकेदुखीसोबत उलट्या व पेंग, ताप आणि ताठ मान, लाल डोळा व अंधुक दृष्टी, डोक्याला मार लागल्यानंतरची कोणतीही गुंगी, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम वाढलेला गोंधळ. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून "शेवटचे ठीक केव्हा दिसले होते" ती वेळ सांगता आली पाहिजे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

डॉक्टरांकडे जाताना

एक वही करावी. सात दिवस, रोज चार रकाने : त्रास केव्हा झाला, त्याआधी काय चालले होते, काय दिसले, किती वेळ टिकला. सोबत उभे व आडवे असतानाचा रक्तदाब, पाण्याचे पेले, शौच, झोप, आणि शक्य असेल तर मोबाइलवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण. सर्व औषधे वेष्टनांसह न्यावीत, घरगुती काढे-चूर्णेसुद्धा. वही घेऊन त्याच व्यक्तीने जावे जिने दिवसभर पाहिले आहे. कामावरून थेट आलेल्या मुलाला बहुधा तपशील सांगता येत नाही. आणि डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : "यांना स्मृतिभ्रंश नसता, तर या तक्रारीसाठी आपण कोणत्या तपासण्या केल्या असत्या?" उद्धटपणा न करता विचारलेल्या या प्रश्नाने पुष्कळदा दिशा बदलते. प्रगत अवस्थेत सर्व तपासण्या कराव्यात असे नाही. रुग्णाला सोसवेल तेवढ्याच कराव्यात, पण तो निर्णय विचारपूर्वक व्हावा, दुर्लक्षातून होऊ नये. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरही माहिती व आधार मिळू शकतो.

आपल्या परंपरेत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हिची गणना अभ्यंतर तपात होते. घरातल्या रुग्णासाठी त्या तपाचा मोठा भाग हातांनी नव्हे, डोळ्यांनी घडतो. तो एकट्या सुनेवर टाकू नये. पाहण्याचे काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे, सायंकाळी पाच मिनिटे एकमेकांना सांगावे : "आज दादांनी दोनदा कपाळ धरलं." "हो, सकाळीही उठताना थांबले होते." अशा दोन वाक्यांच्या जुळणीतून कारण सापडते. जी व्यक्ती आयुष्यभर आपले दुखणे न सांगता ओळखत आली, तिचे दुखणे न सांगता ओळखण्याची पाळी आता आपली आहे.